व्यत्यय सांगून येत नाही! कर्नलच्या स्टॅकचा अर्धा राहिलेला धडा



संगणकाच्या कुठल्याही पुस्तकात 'स्टॅक' हा शब्द आला की पुढचं उदाहरण ठरलेलं असतं. पंगतीसाठी रचून ठेवलेली ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. पुश म्हणजे ठेवणे, पॉप म्हणजे काढणे. दोन गुणांचा प्रश्न, दोन ओळींचं उत्तर, धडा संपला.

माझं स्पष्ट मत आहे की हा धडा अर्धाच आहे. ही चळत किती उंच जाऊ शकते? कोसळली तर कुणाच्या अंगावर? आणि एक जण ताटं रचत असताना मध्येच दुसरा कुणी येऊन त्याच चळतीवर आपली ताटं ठेवू लागला तर? हे प्रश्न आपण घेतच नाही. खऱ्या संगणकात मात्र हाच प्रसंग सेकंदाला शेकडो वेळा घडतो. त्याला इंटरप्ट म्हणतात, म्हणजे व्यत्यय. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल हा व्यत्यय कसा सांभाळतो, त्यासाठी जागा कुठून आणतो, हे समजलं की स्टॅकचा धडा पूर्ण होतो. चला तर मग, पायरी पायरीने पाहूया.

स्टॅक कशासाठी?

प्रोग्राम म्हणजे लहान लहान कामांची साखळी. एक काम चालू असताना त्याला दुसऱ्या कामाची गरज पडते, दुसऱ्याला तिसऱ्याची. तिसरं काम संपल्यावर दुसऱ्यात नेमकं कुठे परत यायचं, हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. ही परतीची खूण आणि त्या कामाची तात्पुरती आकडेमोड ज्या जागेत राहते, तो स्टॅक.

कल्पना जुनी आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९४६ साली मांडलेल्या संगणकाच्या आराखड्यात यासाठी 'पुरणे' आणि 'उकरून काढणे' अशा अर्थाचे शब्द वापरले होते. पुढे १९५७ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस सामेलसोन यांनी अशा रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला.

इंटेलच्या पद्धतीच्या प्रोसेसरमध्ये स्टॅक वरच्या पत्त्याकडून खालच्या पत्त्याकडे वाढतो. म्हणजे ताटांची चळत छताला उलटी टांगली आहे असं समजा. ती वाढत वाढत खाली येते. खाली काय आहे? दुसऱ्या कुणाची तरी जागा. हे एवढं डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंटरप्ट म्हणजे काय?

वर्गातलं उदाहरण घेऊ. बाई फळ्यावर भागाकार शिकवत आहेत. तिसरी पायरी चालू आहे. इतक्यात शेजारच्या वर्गातली मुलगी दारात येते, "बाई, केंद्रशाळेतून फोन आलाय. चारही वर्गांच्या हजर मुलांची बेरीज लगेच हवी आहे." बाई काय करतात? आपण कुठल्या पायरीवर होतो ते ध्यानात ठेवतात, बेरीज करून आकडा देतात आणि परत भागाकाराच्या त्याच पायरीवर येतात.

प्रोसेसरही असंच करतो. कीबोर्डची कळ दाबली, डिस्कवरची माहिती तयार झाली, नेटवर्कवरून काही आलं, की ते यंत्र प्रोसेसरला हाक मारतं. ही सोय नसती तर प्रोसेसरला सारखं विचारत बसावं लागलं असतं, "काही आलं का? काही आलं का?" शिवाय घड्याळाचा इंटरप्ट ठराविक वेळाने येतोच. लिनक्स कर्नल तयार करताना तो सेकंदाला १००, २५०, ३०० की १००० वेळा यावा, हे निवडता येतं.

आता यातली गोम बघा. हाक कधी येईल हे चालू असलेल्या प्रोग्रामला माहीत नसतं. दोन आज्ञांच्या मध्ये कुठेही ती येऊ शकते. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी एक्स-१ या डच संगणकासाठी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्राम लिहिला. १९५९ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषयही त्याच कामातून आला. अशा यंत्रात झालेली चूक पुन्हा तशीच घडवून दाखवता येईल याची खात्री नसते, कारण व्यत्यय दर वेळी वेगळ्या क्षणी येतो. इंटरप्टच्या बाबतीत खरी भीती हीच आहे.

बेरीज लिहायची कुठे?

आता त्या बाईंकडे परत बघा. चार वर्गांचे आकडे त्यांनी फळ्यावर कुठे मांडले? भागाकाराच्या मध्येच मांडले तर तोंडी काम संपेल, आकडाही बरोबर जाईल, पण मुलं चुकीचा भागाकार वहीत उतरवतील. आणि कुणी ओरडणार नाही! बाईंना वाटेल सगळं ठीक आहे, मुलांना वाटेल बाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. म्हणूनच आपण फळ्याचा एक कोपरा राखून ठेवतो, रेघ मारून. दिनांक, पट, हजर, असं काहीबाही तिथेच जातं.

संगणकात हा प्रश्न असा येतो. इंटरप्ट आला की ६४ बिटांचा इंटेल पद्धतीचा प्रोसेसर स्वतःहून पाच गोष्टी स्टॅकवर लिहितो: कुठली आज्ञा चालू होती, स्टॅकचं टोक कुठे होतं, प्रोसेसरच्या अवस्थेच्या खुणा आणि दोन विभाग-निवडी. प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ४० बाइट. मग लिनक्स कर्नल बाकीची रजिस्टरं जपून ठेवतो. सगळं मिळून २१ नोंदी, १६८ बाइट. त्यानंतर प्रत्यक्ष काम करणाऱ्या फंक्शनांची जागा वेगळीच.

पण हे लिहायचं कुणाच्या स्टॅकवर? चालू असलेल्या प्रोग्रामच्या? मुळीच नाही. त्याने आपल्या स्टॅकचा पत्ता भलताच करून ठेवला असेल तर कर्नल त्या भलत्या जागी लिहायला जाईल. म्हणून प्रोग्राम चालू असताना इंटरप्ट आला की प्रोसेसर कर्नलने आधीच नेमून दिलेला वेगळा पत्ता घेतो. प्रत्येक प्रोग्रामच्या प्रत्येक धाग्यासाठी, म्हणजे थ्रेडसाठी, कर्नलच्या हद्दीत एक छोटा स्टॅक राखलेला असतो. व्यत्यय येण्याआधीच जागा तयार असते, हे महत्त्वाचं.

ही जागा इतकी लहान का?

लिनक्समध्ये साध्या प्रोग्रामच्या स्टॅकची मर्यादा सहसा ८ मेगाबाइट असते. कर्नलमधला स्टॅक मात्र ६४ बिटांच्या इंटेल पद्धतीच्या यंत्रांवर बरीच वर्षं फक्त ८ किलोबाइट होता आणि २०१४ मध्ये तो १६ किलोबाइट झाला. ८ मेगाबाइट म्हणजे १६ किलोबाइटच्या ५१२ पट. एवढा फरक का?

पहिलं कारण संख्या. १००० थ्रेड असतील तर १६ किलोबाइटने सुमारे १६ मेगाबाइट लागतात. प्रत्येकाला ८ मेगाबाइट खरोखर देऊन टाकले तर सुमारे ८ गिगाबाइट!

दुसरं कारण अधिक मजेशीर आहे. साध्या प्रोग्रामला ८ मेगाबाइट आधी दिलेच जात नाहीत. तो जसजसा खाली सरकतो, तसतशी कर्नल त्याला एकेक पान देत जातो. नसलेल्या पानाला हात लावला की प्रोसेसर कर्नलला हाक मारतो, कर्नल पान आणून देतो. पण कर्नलचा स्वतःचाच स्टॅक संपला तर? हाकेला ओ द्यायलाही स्टॅक लागतो, आणि तोच तर संपलाय. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावण्यासारखं झालं. म्हणून कर्नलच्या स्टॅकची पूर्ण जागा आधीच द्यावी लागते आणि ती मोजूनमापूनच द्यावी लागते.

पाहुण्याला वेगळं ताट

आतापर्यंत ठीक होतं. खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा कर्नल स्वतः एखाद्या कामात खोलवर गुंतलेला असतो आणि तेवढ्यात इंटरप्ट येतो. समजा फाइल लिहायची आहे. फाइल सिस्टिमने डिस्कच्या थराला बोलावलं, त्याने ड्रायव्हरला बोलावलं. अशी साखळी करत ८ किलोबाइटपैकी साडेसहा वापरून झाले. आता इंटरप्ट आला, त्याला एक लागला. त्याच्या मागोमाग नेटवर्कचं उरलेलं काम आलं, त्यालाही एक. बेरीज साडेआठ. जागा आठ. (हे आकडे समजण्यापुरते घेतलेत.)

साडेसहा वापरणाऱ्याची यात काय चूक? तो आपल्या मर्यादेतच होता. पाहुणाही थोडंच जेवला. पण दोघांना एकाच ताटात वाढलं, तिथे घोटाळा झाला.

उपाय काय केला? इंटरप्टसाठी स्टॅकच वेगळा केला. आणि तो प्रत्येक थ्रेडला नाही, तर प्रत्येक प्रोसेसरला एक. कारण एका प्रोसेसरवर एका क्षणी एकच काम चालतं. थ्रेड हजार असोत, ८ प्रोसेसर असतील तर प्रत्येकी १६ किलोबाइटने १२८ किलोबाइटमध्ये भागतं. शिवाय आजच्या लिनक्समध्ये हार्डवेअर इंटरप्टचं काम चालू असताना त्या प्रोसेसरवर इतर साधे इंटरप्ट थांबवलेले असतात, त्यामुळे पाहुण्यावर पाहुणा सहसा येत नाही.

यामागचा इतिहास बोलका आहे. २००४ मध्ये ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांसाठी लिनक्समध्ये एक पर्याय आला. थ्रेडचा कर्नल स्टॅक ८ वरून ४ किलोबाइट करायचा आणि इंटरप्टला वेगळे स्टॅक द्यायचे. हेतू चांगला होता, मेमरी वाचणार होती. पण ४ किलोबाइट अनेक थरांच्या फाइल सिस्टिमच्या साखळ्यांना पुरेनात. वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी २०१० मध्ये ४ किलोबाइटचा पर्याय काढून टाकला. मात्र त्याच वर्षी वेगळा इंटरप्ट स्टॅक सगळ्यांसाठी कायमचा केला गेला. म्हणजे काय टिकलं आणि काय गेलं ते बघा. काटकसर गेली, वेगळेपण टिकलं. मला यात धड्याचं सार दिसतं.

ताट सांडलं तर ओरडायला कुणी हवं

वेगळी जागा दिली तरी मर्यादा ओलांडली जाणारच नाही, असं कोण सांगेल? मग ओलांडल्यावर काय होतं, हा पुढचा प्रश्न.

पूर्वी लिनक्समध्ये स्टॅकच्या अगदी तळाशी त्या थ्रेडची एक महत्त्वाची नोंद ठेवलेली असायची. स्टॅक वाढत वाढत खाली आला की आधी तीच पुसली जायची. त्या नोंदीत थ्रेडला कुठवरची मेमरी वापरायची मुभा आहे, हेसुद्धा लिहिलेलं असे. म्हणजे स्टॅक भरून वाहिला की नुसतं यंत्र बंद पडण्याचा धोका नव्हता, कुंपणाचा दरवाजाच उघडा पडण्याचा धोका होता. त्याच्याही खाली गेला तर शेजारची मेमरी खराब. आणि यंत्र? चालूच! तासाभराने भलत्याच ठिकाणी बिघाड दिसणार आणि शोधणारा भलत्याच ठिकाणी शोधत बसणार. फळ्यावरचा चुकीचा भागाकार वहीत गेला, त्यातलाच हा प्रकार.

२०१६ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ४.९ मध्ये अँडी लुटोमिर्स्की यांच्या कामामुळे यावर साधा पण नामी उपाय आला. प्रत्येक स्टॅकच्या शेजारी एक पान मुद्दाम रिकामं सोडायचं, ज्याला हात लावायला बंदी. त्याला गार्ड पेज म्हणतात. आपण पहाऱ्याचं पान म्हणू. स्टॅक हद्द ओलांडून तिथे पोहोचला की लगेच ठणाणा. ती महत्त्वाची नोंदही त्याच आवृत्तीत स्टॅकवरून हलवली गेली. अमेरिकेतल्या एमआयटीने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बनवलेल्या एक्सव्ही६ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती पाहा. तिथेही प्रत्येक कर्नल स्टॅकखाली असं पहाऱ्याचं पान ठेवलेलं आहे. शिकाऊ मुलांच्या नमुन्यातसुद्धा त्यांनी कुंपण वगळलं नाही, हे आपण शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखं आहे.

पण थांबा. ठणाणा करायलाही जागा लागते ना? स्टॅक संपलाय, तक्रार नोंदवायची तर तीही स्टॅकवरच. ती नोंदवता आली नाही की प्रोसेसर 'डबल फॉल्ट' म्हणजे दुहेरी बिघाड जाहीर करतो. तोही हाताळता आला नाही तर तिहेरी बिघाड, आणि यंत्र सरळ नव्याने सुरू होतं. कसलाच निरोप मागे राहत नाही. म्हणून ६४ बिटांच्या इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरमध्ये अशा अतिगंभीर प्रसंगांसाठी ७ पर्यंत वेगळे राखीव स्टॅक नेमता येतात. दुहेरी बिघाड, थांबवताच न येणारा इंटरप्ट, यंत्रातला हार्डवेअर दोष, असल्या गोष्टी तिथे हाताळल्या जातात. चालू स्टॅकची अवस्था काहीही असो, प्रोसेसर थेट राखीव स्टॅकवर उडी मारतो.

राखीव जागेलाही शिस्त लागते, हेही सांगायला हवं. तिथे एक प्रसंग हाताळणं चालू असताना तोच प्रसंग पुन्हा आला, तर प्रोसेसर परत त्या स्टॅकच्या सुरुवातीपासून लिहू लागतो आणि आधीची नोंद पुसली जाते. म्हणून ही जागा मोजक्याच प्रसंगांना द्यायची असते. सगळ्यांनाच आपत्कालीन दरवाजातून सोडलं तर तो आपत्कालीन राहत नाही.

"मेमरी स्वस्त झालीय, मोठा स्टॅक द्या की!"

हा आक्षेप हमखास येतो, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. २०१४ मध्ये कर्नल स्टॅक ८ वरून १६ किलोबाइट केला तो गरजेपोटीच. साखळ्या खरोखर लांबल्या होत्या. पण नुसतं मोठं करणं हा उपाय मला पटत नाही. मोठ्या स्टॅकने बिघाड पुढे ढकलला जातो, दिसत मात्र नाही. महिन्यातून एकदा होणारा बिघाड वर्षातून एकदा होऊ लागला, तर तो शोधणं आणखी कठीण होतं. आधी वेगळी जागा द्या, मग कुंपण घाला, आणि त्यानंतर मापाचा विचार करा, असा क्रम असावा.

आणि जागा वाढवण्याआधी पाहुण्याने कमी खावं, हेही बघायला हवं. कर्नल लिहिणारे ते काटेकोरपणे पाळतात. इंटरप्टचं तातडीचं काम तेवढं लगेच करायचं, बाकीचं नंतर. २००९ पासून लिनक्समध्ये इंटरप्टचं मोठं काम वेगळ्या थ्रेडकडे सोपवायची सोय आहे, त्या थ्रेडला स्वतःचा स्टॅक असतो. ६४ बिटांच्या यंत्रावर एकाच फंक्शनने साधारणपणे २०४८ बाइटपेक्षा जास्त स्टॅक मागितला की कर्नल तयार होतानाच इशारा दिला जातो. ज्यांची लांबी प्रोग्राम चालू झाल्यावर ठरते अशा याद्या स्टॅकवर ठेवणं २०१८ पर्यंत कर्नलमधून काढून टाकलं गेलं. कारण सरळ आहे, माप आधी माहीत नसेल तर बेरीज कशी करणार?

एक बारीकशी गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. ६४ बिटांच्या लिनक्स यंत्रांवर साध्या प्रोग्रामला एक सवलत असते. स्टॅकच्या टोकाच्या पलीकडचे १२८ बाइट तो न विचारता वापरू शकतो. थोडा वेळ वाचतो. पण कर्नलमध्ये ही सवलत बंद करावी लागते. का? कर्नल चालू असताना इंटरप्ट आला की प्रोसेसर नेमकं तिथेच, टोकाच्या पलीकडे लिहायला सुरुवात करणार! जिथे व्यत्यय येऊ शकतो, तिथे "नंतर सांगतो, आत्ता वापरतो" चालत नाही. जागा वापरायची तर आधी नोंद करायची.

आपल्या मुलांशी याचा काय संबंध?

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्या यंत्रांचं, आपल्या शाळेत कुठे? तर बऱ्याच शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत, सहावी ते बारावीची मुलं तिथे आर्डुइनो हाताळतात. आर्डुइनो उनोवरच्या चिपमध्ये चालू कामासाठीची मेमरी फक्त २०४८ बाइट असते. एका बाजूने प्रोग्रामची माहिती, दुसऱ्या बाजूने स्टॅक. मध्ये कुंपण नाही. इंटरप्टला वेगळा स्टॅक नाही. मुलांनी मोठी यादी केली, स्क्रीनवर दाखवायची लांबलचक वाक्यं भरली की दोघं एकमेकांना भिडतात. मग सेन्सरचे आकडे विचित्र येतात, मध्येच यंत्र पहिल्यापासून सुरू होतं. मुलं वायर बदलतात, सेल बदलतात, शेवटी "किटच खराब आहे" म्हणून सोडून देतात. मेमरी कमी उरली की प्रोग्राम चढवताना पडद्यावर तसा इशारा येतो, पण स्टॅक म्हणजे नुसती ताटांची चळत असं शिकलेल्या मुलाला त्या इशाऱ्याचा अर्थ कसा लागणार? अर्ध्या धड्याची किंमत ती ही. मूल स्वतःला किंवा किटला दोष देतं आणि विषयापासून दूर जातं.

त्याच्या शेजारी एआरएम कॉर्टेक्स-एम जातीच्या चिप ठेवून बघा. त्यांत स्टॅकची दोन टोकं सांभाळायची सोय आहे, एक साध्या कामासाठी, एक इंटरप्टसाठी. इंटरप्ट आला की चिप आपणहून ८ रजिस्टरं, म्हणजे ३२ बाइट, जपून ठेवते आणि पुढचं काम इंटरप्टच्या स्टॅकवर चालतं. हातात मावणाऱ्या चिपमध्येही वेगळ्या ताटाची सोय करून ठेवली आहे.

वर्गात करून पाहा: दहा घरांचा खेळ

संगणक नसला तरी चालेल. पाचवीपासून पुढे सहज जमतं.

१. प्रत्येक मुलाने वहीत १० घरांचा उभा रकाना काढायचा. त्याच्या लगेच खाली आणखी ३ घरं, त्यात शेजारच्या मुलाचं नाव, आवडता खाऊ आणि वाढदिवस लिहायचा.

२. आता काम द्या: 'डबा भरणे'. त्यासाठी 'पोळी करणे', त्यासाठी 'कणीक मळणे', त्यासाठी 'पीठ चाळणे'. प्रत्येक कामाला वरून खाली २ घरं. चार कामांची ८ घरं भरली. काम संपलं की खालून वर खोडत यायचं. सगळं व्यवस्थित पार पडतं.

३. पुन्हा तेच काम, पण या वेळी मध्येच टाळी वाजवा. 'दार उघडणे', २ घरं. ते चालू असताना पुन्हा टाळी, 'फोन घेणे', २ घरं. दुसऱ्या कामावर असताना टाळ्या वाजवल्या तर ८ घरांतच भागतं. चौथ्या कामावर असताना वाजवल्या तर १२ घरं लागतात, आणि शेजाऱ्याचं नाव आणि खाऊ पुसला जातो! मुलांना विचारा, काम तेच, टाळ्या तेवढ्याच, मग एकदा बरोबर आणि एकदा चूक का? इथे गप्प राहा आणि मुलांना बोलू द्या.

४. पाच-पाच मुलांचे गट करा. टाळीसाठी ४ घरांची वेगळी पट्टी घ्यायची ठरवा. प्रत्येकाला ८ अधिक ४ दिली तर गटाला ६० घरं लागतात. प्रत्येकाला ८ आणि गटाला मिळून एकच ४ घरांची पट्टी दिली तर ४४ मध्ये होतं. अट एकच, गटात एका वेळी एकानेच काम करायचं. 'प्रत्येक प्रोसेसरला एक' म्हणजे काय, ते मुलांना इथे कळतं.

५. शेवटी रकान्याखाली लाल घर काढा. तिथे पेन्सिल टेकली की मोठ्याने "थांबा!" म्हणायचं. चूक झाली तरी शेजाऱ्याचं नाव वाचतं आणि चूक कुठे झाली तेही लगेच कळतं.

एवढ्यात वेगळा स्टॅक, पहाऱ्याचं पान आणि अवचित येणाऱ्या चुका, तिन्ही गोष्टी झाल्या. एकही अवघड शब्द न वापरता.

शेवटी एवढंच

ताटांच्या चळतीचं उदाहरण चुकीचं नाही, ते ठेवाच. पण त्याच्या पुढे तीन प्रश्न जोडा. चळतीची मर्यादा किती? मध्येच कुणी आलं तर त्याचं ताट कुठे? आणि मर्यादा ओलांडली तर कळणार कसं? कर्नल लिहिणाऱ्यांनी या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्यात अनेक वर्षं घालवली. एकदा मेमरी वाचवायला गेले आणि अडचणीत आले, मग वेगळी जागा पक्की केली, मग कुंपण घातलं. ज्या यंत्रांवर बँकेचे व्यवहार, रुग्णालयातल्या नोंदी आणि रेल्वेची आरक्षणं चालतात, तिथे स्टॅक गुपचूप भरून वाहणं परवडणारं नाही.

आपल्या वर्गातलं एखादं मूल उद्या असा प्रोग्राम लिहील. त्याला पुश आणि पॉपची व्याख्या पाठ असेल यात शंका नाही. पण जागा संपते, व्यत्यय येतो आणि त्याची तजवीज आधी करायची असते, हेही त्याला कुणीतरी सांगितलेलं असावं. ते कुणीतरी आपण का नसावं?

उपक्रम करून पाहिलात तर मुलांनी काय उत्तरं दिली, ते जरूर कळवा.